जाड बघून एखादं द्या

ग्रंथालयात बोलायला मनाई, त्यामुळे इथे घडलेलं सगळं इथेच साठत जातं. बँकेत, शाळेत, रिक्षा स्टँडवर काही झालं की माणसं तिथल्या तिथे बोलून मोकळी होतात. आमच्याकडे तोंडावर बोट. काही घडलं की मी काउंटरवरून तांडेलकाकांकडे बघते, काका माझ्याकडे बघतात, आणि डब्याच्या सुट्टीपर्यंत आम्ही दोघं ते पोटात घेऊन बसतो. अशी नोकरीतली वर्षं भरली की पोट काय, आख्खं कपाट भरतं.

मी राहते डोंबिवलीत. कल्याणच्या बाजूला विद्यापीठाचं एक केंद्र आहे, तिथे ग्रंथपाल आहे. नाव सांगत नाही, उगाच कोणाला वाटायला नको की मी घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणते. तांडेलकाका आमचे शिपाई, इथल्याच खाडीकाठच्या गावचे. आम्ही दोघं मिळून ग्रंथालय.

दरवर्षी कोणीतरी फाइल घेऊन विचारायला येतं, "मॅडम, विद्यार्थी ई-बुक जास्त वाचतात की छापील?" मी त्यांना आकडा देते. त्यांना आकडाच हवा असतो, तो लिहून घेतात आणि चहा पिऊन जातात. तुम्ही आकडा मागितला नाहीत म्हणून तुम्हाला सांगते. माणसांची नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

*

ई-बुकं नवीन आली तेव्हाची गोष्ट. मुदत संपली की पुस्तक वाचकाच्या फोनवरून आपोआप निघून जातं. ते परत करावं लागत नाही. तशी नोटीस आम्ही बोर्डावर लावली होती, पण नोटीस बोर्ड आमच्याकडे फक्त तांडेलकाका वाचतात, तेही लावताना.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत नोकरी करून एम.ए. करणारे एक गृहस्थ होते. पाटील म्हणू या. चाळिशी उलटलेली, पोरं शाळेत. मुदतीच्या शेवटच्या दिवशी हाफ डे टाकून घामाघूम होत आले आणि काउंटरवर आपला फोन ठेवला.

"मॅडम, आज लास्ट डेट आहे. जमा करून घ्या."

मी त्यांना समजावलं की ते आपोआप जातं. त्यांना काही ते पटेना.

"आपोआप म्हणजे नेतं कोण?"

"कोणी नेत नाही, जातं."

"मग मी परत केलं याला पुरावा काय? आमच्या कंपनीत रिकामा ड्रम बाहेर काढायचा तरी गेटपासवर सही लागते."

मी पुन्हा समजावायला लागले. तेवढ्यात तांडेलकाका आले. त्यांनी तो फोन दोन्ही हातांनी उचलला, नीट बघितला, परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रेमध्ये ठेवला. थोडा वेळ तिथे राहू दिला. मग काढून पाटलांच्या हातात दिला आणि म्हणाले, "पुस्तक जमा झाला. फोन न्या तुमचा."

पाटलांचा चेहरा एकदम निवळला. थँक्यू म्हणून ते जिना उतरले. तुम्हाला हसू येत असेल. मला तेव्हा आलं नाही. पुस्तक वेळेत परत गेलं पाहिजे म्हणून पगार कापून घेणारा माणूस मी छापील पुस्तकांच्या काळातही फारसा बघितलेला नाही.

*

आमचे कर्णिक सर इतिहास शिकवतात. रिटायरमेंट जवळ आलेली, शर्ट कायम इस्त्रीचा, बोलायची मराठी पुस्तकात छापावी तशी. ई-बुकांचे एक नंबरचे वैरी. "मॅडम, ज्याला वजन नाही त्याला मी पुस्तक म्हणणार नाही," हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की एकदा मीच पुरं केलं, तर रागावले.

आम्ही एखादं ई-बुक घेतलं की त्याची छापील प्रत मागवायचीच, असा त्यांचा हट्ट. भांडून, मीटिंगमध्ये टेबल आपटून ते बहुतेक वेळा मंजूर करून घ्यायचे. अशी प्रत संदर्भ विभागात ठेवतो. म्हणजे इथे बसून वाचायची, घरी न्यायची नाही. घरी वाचायचं तर तेच पुस्तक फोनवर.

एकदा सरांनी वर्गात एक पुस्तक शिकवायला घेतलं. सरांच्या हातात छापील, पोरांच्या हातात फोन. सर म्हणाले, "डाव्या पानावर, खालचा परिच्छेद." कोणाच्या फोनवर डावं पान नव्हतंच. मग सरांनी पान नंबर सांगितला. आता हे ई-बुक असं होतं की अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, लहान केलं की कमी होतात. त्यामुळे त्या एका नंबरावर प्रत्येकाकडे वेगळाच मजकूर. एकाकडे दुष्काळ चालू होता, एकाकडे गिरणीचा संप, आणि मागच्या बाकावरच्याकडे अजून प्रस्तावनाच संपली नव्हती.

सर शांतपणे खडू ठेवून म्हणाले, "प्रत्येक जण आपापल्या पानावर असेल तर मी वर्ग कोणाला देतोय?"

तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही पहिली ओळ वाचा, आम्ही शोधून काढतो." सरांनी वाचली. सगळ्यांनी ती ओळ टाइप करून सर्च केली आणि पुढच्या क्षणाला आख्खा वर्ग एका जागी आला. सर छापील पुस्तकात बोट घालून उभेच राहिले.

ती मुलगी म्हणजे प्रज्ञा. यापुढे जे सांगणार आहे ते बहुतेक तिचंच आहे.

*

प्रज्ञा मोहन्याची. जुन्या फॅक्टरीच्या बाजूला चाळीत एक खोली. वडील ठाण्याला एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये सिक्युरिटीत, आई डबे करून देते. एम.ए.चं दुसरं वर्ष, कर्णिक सर तिचे गाइड. कामगारांच्या चाळींच्या इतिहासावर प्रबंध लिहीत होती.

एक दिवस काउंटरवर येऊन ती हळूच म्हणाली, "मॅडम, जाड बघून एखादं द्या ना."

"कशावरचं?"

"कशावरचंही. फक्त जाड पाहिजे."

मी चष्म्यावरून बघितलं. मला असली थट्टा आवडत नाही. पण पोरगी थट्टा करत नव्हती. मी तिला आत बोलावलं, बसवलं, तेव्हा सगळं बाहेर आलं.

तिला लागणारी बहुतेक पुस्तकं आमच्या संदर्भ विभागातली, घरी नेता न येणारी. म्हणून ती घरी ई-बुक वाचायची, फोनवर. वडिलांची फर्स्ट शिफ्ट, ते झोपले की खोलीतला दिवा बंद. फोनला स्वतःचा उजेड असतो, तेवढं चालायचं. पण आईला दिसायचं काय, तर पोरगी कोपऱ्यात बसून मोबाइलमध्ये तोंड घालून. आधी मोठ्या काकूच्या मुलानं "ऑनलाइन शिकतो" म्हणून दोन वर्षं नुसता गेम खेळला होता आणि नापास झाला होता. तेव्हापासून आईच्या लेखी मोबाइल म्हणजे वाया गेलेलं पोर.

आणि दारात स्थळ येऊन उभं होतं. मामानं आणलेलं, विठ्ठलवाडीचं. मुलगा चांगला, नोकरीत. त्या लोकांना या वर्षापलीकडे थांबायचं नव्हतं आणि लग्नानंतर शिकू देऊ असंही ते म्हणत नव्हते. आईनं लेकीला साफ सांगितलं होतं, "अभ्यास करताना मला दिसलीस तर पाहुण्यांना थांबवते. नुसता मोबाइल घेऊन बसायचं असेल तर तुझ्या मामाला हो म्हणून सांगते."

"अगं, मग आईला सांग ना की यातच पुस्तक आहे."

"सांगितलं. दाखवलं पण. ती म्हणते, काकूचा पोरगा पण हेच दाखवायचा."

म्हणून तिला जाड पुस्तक हवं होतं. ते मांडीवर उघडं ठेवायचं, त्यात फोन ठेवायचा आणि वाचायचं. आमच्या पिढीत पोरं अभ्यासाच्या पुस्तकात कादंबरी लपवायची. या पोरीला अभ्यास लपवायला पुस्तक लागत होतं.

संदर्भाची प्रत घरी देणं मला नियमात बसवता आलं नसतं, पण घरी नेता येणारं कुठलंही पुस्तक नेण्याचा तिला हक्क होताच. ते वाचायलाच पाहिजे असा नियम कुठे आहे? मी काकांना हाक मारली आणि म्हटलं, "एक जाडसं पुस्तक काढा." काकांनी कपाटामागून असं एक धूड आणलं की टेबल हललं. धुळीनं माखलेलं, काळं कापडी कव्हर.

"यो घे. दाराला लावला तरी दार हलणार नाय."

प्रज्ञा पहिल्यांदा हसली. पुस्तक उराशी धरून गेली. ते कशावरचं आहे हे आम्हा तिघांपैकी कोणी बघितलं नाही.

*

त्याच सुमारास तपासणीला बाहेरची मंडळी आली होती. कोट-टाय घातलेल्या एका सरांनी वाचनकक्षात फिरता फिरता एका मुलाला विचारलं, "तुला काय आवडतं, ई-बुक की प्रिंटेड?"

मुलगा म्हणाला, "बसायला जागा मिळाली तर प्रिंटेड, नाही मिळाली तर ई-बुक."

"म्हणजे कन्टेंटच्या दृष्टीनं काय?"

"सर, घरी आम्ही सहा जण आहोत," मुलगा म्हणाला आणि पुन्हा वाचायला लागला.

सरांनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं कोण जाणे. मी त्या खोलीकडे बघितलं तर प्रत्येक टेबलावर छापील पुस्तक उघडं आणि त्याच्या बाजूला चार्जिंगला लावलेला फोन. पोरं दोन्ही वाचतात. भांडतात ती फक्त प्लगसाठी.

*

आता जे सांगते त्यानं प्रज्ञाचं सगळं गणितच बिघडलं.

तिच्या प्रबंधाला एक पुस्तक फार महत्त्वाचं होतं. त्याचं ई-बुक आमच्याकडे होतं, पण एका वेळी एकालाच उघडता येईल असं. परवडलं तेच घेतलं होतं. छापील प्रत कर्णिक सरांच्या टेबलावर. आणि सरांच्या टेबलावरचं पुस्तक मागायची हिंमत पोरांत नसते.

प्रज्ञाचा मेसेज आला, "मॅडम, पुस्तक बिझी दाखवतंय." मी म्हटलं, कोणी वाचत असेल, थांब. दुसऱ्या दिवशीही बिझी. तिसऱ्या दिवशीही. आठवडा गेला. असा कोण वाचक आहे की जो जेवतही नाही, झोपतही नाही, असं आम्हाला वाटायला लागलं.

तिकडे सर तिच्यावर उखडलेले. रोज विचारायचे, "तिसरं प्रकरण कुठाय?" ती म्हणायची, "सर, पुस्तक मिळत नाही." सर म्हणायचे, "मोबाइलवर अवलंबून राहिलं की असंच होतं." एकदा तर वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, "तुला जमत नसेल तर पुढच्या वर्षी दे." पुढचं वर्ष तिला मिळणारच नव्हतं, हे सरांना कुठे माहीत होतं? घरी आई विचारत होती, "किती लिहून झालं?" आणि पोरगी म्हणत होती, "होतंय."

शेवटी मी ई-बुकं पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला. त्यांनी सांगितलं, पुस्तक तुमच्याच केंद्रातल्या एका कॉम्प्युटरवर उघडं आहे. आम्ही खोल्या हुडकत गेलो. काका पुढे, मी मागे. इतिहास विभागात कर्णिक सरांच्या खोलीत गेलो तर सर नव्हते. कॉम्प्युटर चालू होता आणि स्क्रीनवर तेच पुस्तक. अक्षर इतकं मोठं केलेलं की एका वेळी दोन-तीनच ओळी मावत होत्या.

सर मागून आले. मी काही विचारायच्या आत खुर्चीत बसले. हळू आवाजात म्हणाले, "छापील आता दिसत नाही मला. मोतीबिंदू आहे. कोणाला बोललो नव्हतो."

"पण सर, इतके दिवस उघडं का ठेवलंत?"

"मधे चहाला गेलो, मग लेक्चरला, संध्याकाळी घरी. पुस्तक पालथं घालून ठेवावं तसं ठेवलं होतं. परत येऊन तिथूनच वाचायचं होतं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "का? कोणाला हवं होतं?"

मी सांगितलं, कोणाला हवं होतं ते. सरांनी चष्मा काढला. त्या दिवशी त्यांनी स्वतः प्रज्ञाला बोलावून घेतलं, छापील प्रत तिच्या हातात दिली आणि मुदत वाढवून दिली. आता ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं, सर स्वतःच वर्गात हा किस्सा सांगतात, म्हणून मी सांगायला मोकळी. पण तेव्हा उशीर झालाच होता. तिसरं प्रकरण वेळेत गेलं नाही हे घरी कळलं होतं आणि आई म्हणाली होती, "बघितलं? मी म्हणत नव्हते?"

*

त्यानंतर मामा आला. दर रविवारी यायचाच, स्थळाचं विचारायला. मामा डोंबिवलीत केमिकल कंपनीत प्लँट ऑपरेटर. प्रज्ञा कोपऱ्यात बसून वाचत होती, मांडीवर आमचं ते काळं धूड. ती पाणी आणायला उठली, पुस्तक खाली ठेवलं, फोन मात्र सवयीनं बरोबर घेतला. मामानं सहज पुस्तक उचललं, दोन पानं उलटली आणि म्हणाला, "अगं, हे तर आमच्या केमिस्टच्या टेबलावर असतं. टाक्या, पाइप, प्रेशरचं आहे. हिस्ट्रीच्या पोरीला हे कशाला?"

प्रज्ञा पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी. आईनं एकदा पुस्तकाकडे बघितलं, एकदा तिच्या हातातल्या फोनकडे. पोरीला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही, वर्षभर तेच चाललं होतं. पण त्या वेळी तिला नाही जमलं. तिनं सगळं सांगून टाकलं.

आई ओरडली असती तर बरं झालं असतं, असं प्रज्ञा मला नंतर म्हणाली. आईनं मामाच्या हातातलं पुस्तक काढून मिटून ठेवलं. मामाला म्हणाली, "पाहुण्यांना पुढच्या रविवारी बोलाव."

हे मला फोनवर कळलं तेव्हा मी काकांवर खेकसले, "जरा बघून तरी द्यायचं." काका म्हणाले, "तुम्ही जाड सांगलात, मी जाड दिला." खरंच होतं त्यांचं. काकांच्याही जेवणावरचं लक्ष उडालं होतं, डबा अर्धा तसाच झाकून ठेवला.

*

शनिवारी सकाळी एक बाई काउंटरवर आल्या. पांढऱ्यावर निळी बारीक बुट्टी असलेली साडी, खांद्याला डब्यांची मोठी पिशवी. पिशवीतून ते काळं पुस्तक काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

"जय भीम मॅडम. मी प्रज्ञाची आई. हे घ्या तुमचं."

मागे दाराशी प्रज्ञा उभी होती, खाली बघत. मी उठून उभी राहिले. इतक्या वर्षांत बरेच पालक बघितलेत, भांडणारे, रडणारे, दमात घेणारे. यांनी त्यातलं काही केलं नाही. मी म्हटलं, "ताई, बसा ना. चूक आमचीही आहे."

"चुकीचं नंतर बघू. मला एक सांगा. वर्षभर हे पुस्तक माझ्यासमोर होतं, ते ती वाचत नव्हती. मग जे वाचत होती ते कुठंय?"

"ताई, ते फोनमध्ये."

"फोनमधलं मला दिसत नाही. दिसतं असं दाखवा."

आता कोणता वाचक काय वाचतो हे आम्ही तिसऱ्या माणसाला सांगत नाही. आईला नाही, बापाला नाही, कोणालाच नाही. मी ते मनात जुळवत होते, तेवढ्यात प्रज्ञाच पुढे आली. "मॅडम, मी सांगते," म्हणाली आणि फोन उघडून एकेक नाव वाचायला लागली.

तांडेलकाका आत पळाले. या वयात मी त्यांना पळताना बघितलं नव्हतं. संदर्भ विभागातून त्यांनी एक छापील प्रत आणून टेबलावर ठेवली. मग दुसरी. मग दोन एकदम, हनुवटीखाली धरून. प्रज्ञा नाव वाचायची, काका आत जायचे, आई बघत राहायची. वाचनकक्षातली पोरं वाचायचं थांबवून बघायला लागली. मी कोणाला गप्प केलं नाही, कारण कोणी बोलतच नव्हतं.

ढीग वाढत गेला. आईनं त्यातलं एक उचललं, हातात तोललं, मधेच उघडलं. बारीक अक्षर, चित्र एकही नाही.

"हे पूर्ण वाचलंस?"

"हो आई."

"कशावर आहे?"

"चाळींवर."

"आपल्या?"

"आपल्यासारख्या."

आईनं ते मिटून परत ढिगावर ठेवलं, कडा सरळ केली.

एक पुस्तक कर्णिक सरांकडे होतं. काका आणायला गेले तर सर स्वतःच घेऊन आले, डोळ्याला हिरवा पॅच लावलेला, ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्यांनी ते ढिगावर ठेवलं आणि घसा खाकरला. "बाई, तुमची मुलगी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांमध्ये—"

"सर, तुम्ही बोलू नका," आई म्हणाली. "मला बघू द्या."

कर्णिक सरांना असं कोणी गप्प केलेलं मी तरी बघितलेलं नाही.

पुढची काही नावं अशी निघाली की ज्यांची छापील प्रत आमच्याकडे नव्हतीच. ती नुसती ई-बुकं. प्रज्ञा नाव वाचायची आणि काका हात हलवायचे, नाय म्हणून. दोन-तीनदा असं झाल्यावर काकांना राहवेना. ते आईजवळ येऊन म्हणाले, "ताई, मी सांगू का? ते जेवढा जाड हाय, तेवढा दुसरा आणून ठेवतो. अंदाज येल तुम्हाला."

आईनं मान हलवली. "नको दादा. दुसऱ्याचं नको. वर्षभर तेच बघितलं मी."

काका जिथे होते तिथेच उभे राहिले.

शेवटचं पुस्तक ठेवून झालं तेव्हा ढीग टेबलावरून आईच्या खांद्याला आला होता. प्रज्ञानं फोन बंद केला आणि वाट बघत उभी राहिली. आई ढिगाच्या एका बाजूनं गेली, दुसऱ्या बाजूनं आली. एका पुस्तकाचा कोपरा बाहेर आला होता तो तिनं आत सरकवला. मग पिशवीतून आपला फोन काढला, काच तडकलेला, आणि मला विचारलं, "मॅडम, याचा फोटो काढला तर चालेल?"

ग्रंथालयात फोटो काढायला बंदी आहे. मी म्हटलं, "चालेल."

तिनं दोन पावलं मागे जाऊन फोन उभा धरला. ढीग मावेना म्हणून अजून मागे सरकली. मी प्रज्ञाला खूण केली आणि आईला म्हटलं, "ताई, तिला उभी करा ना बाजूला. छान येईल."

"नको," आई फोनमधून नजर न काढता म्हणाली. "तिचा फोटो मामानं पाहुण्यांना पाठवलाय. हा पाठवायचा राहिला होता."